आठ दिवस पाण्यावर

समुद्र बघायचा म्हणजे आपण बेळगावकर चोर्ला घाट उतरतो, किनाऱ्यावर पाय ओले करतो, मासळीवर ताव मारतो आणि संध्याकाळी घाट चढून परत येतो. समुद्रातच राहायचं, तेही आठ दिवस, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण आमचे जावई कारवारचे. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी थायलंडच्या फुकेत बेटावरून एक शिडाची होडी भाड्यानं ठरवली, कप्तान आणि स्वयंपाकीण धरून. आमचे हे लगेच तयार! मी म्हटलं, पोहता न येणाऱ्या बाईनं होडीत काय करायचं? जावई हसले. "अत्ते, होडीत राहायला पोहावं लागत नाही, पाणी जपावं लागतं."

त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला. होडीच्या मोरीत पायानं दाबायचे दोन पंप. एकातून समुद्राचं पाणी, दुसऱ्यातून टाकीतलं गोडं. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्याचा. जरा जास्त दाबलं की मागून जावयांचा आवाज, "नीरु कडिमे इदे!" पण नळाला चार-चार दिवस पाणी न येणाऱ्या गल्लीत संसार केलेल्या बाईला कुणी शिकवायचं? तिसऱ्या दिवशी कप्तानानंच मान डोलावली, टाकी अर्धी भरलेली होती. चुलीची गंमत वेगळी. होडी कलली तरी पातेलं सरळ राहावं म्हणून ती टांगलेली असते, पाळण्यासारखी झुलते. पहिले दोन दिवस तिच्याकडे बघूनच मला मळमळायचं.

फुकेतच्या ईशान्येला फांगन्गा नावाचा उपसागर आहे. पाण्यातून सरळसोट उठलेले चुनखडीचे डोंगर आणि काठाला खारफुटी. तिथं घड्याळ चालतं ते भरती-ओहोटीचं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी अडीच-तीन मीटरनं चढतं-उतरतं, म्हणून कप्तान रोज तिथी बघितल्यासारखा तक्ता बघायचा. कोळी लोक लांब दांड्याच्या इंजिनाच्या होड्या घेऊन येतात. प्रत्येक होडीच्या नाळेला रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या. ती होडीच्या रक्षक देवीची, 'मे या नांग'ची जागा; तिथं पाय ठेवायचा नाही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात, तोच भाव म्हणायचा. पन्यी बेटाजवळ तर गावच्या गाव पाण्यात खांब रोवून वसलेलं आहे. मूळ वस्ती जावा बेटाकडून आलेल्या मुसलमान दर्यावर्दींची. घरांच्या आसपास जाळ्यांच्या पिंजऱ्यात मासे पाळलेले. पाहुणा आला की अंगणात उतरावं तसे मासे काढायचे!

स्वयंपाकीण पन्नाशीची. तिला सगळे 'पी' म्हणत. थाईत थोरल्या भावंडाला तसं म्हणतात. आम्ही तिला अक्का करून टाकलं, कारण तो शब्द आमच्या घरात दोन्ही भाषांना चालतो. अक्कानं पहिल्यांदा 'कापी'चा डबा उघडला तेव्हा मी चक्क वरच्या फळीवर पळाले. आपण जवळा वाळवून ठेवतो. हे लोक बारीक कोळंबीला मीठ लावून, वाळवून, कुटून महिनोन्‌महिने मुरवतात. वास असा की शेजारच्या होडीला कळावं. पण तीच कापी, मिरच्या, लसूण आणि ओली हळद खलबत्त्यात कुटून तिनं उकळत्या पाण्यात घातली, त्यात मासा सोडला आणि वरून कसल्या तरी वाळलेल्या काळपट चकत्या टाकल्या. ना फोडणी, ना तेल, ना नारळ. दक्षिण थायलंडचं हे 'केंग सोम', म्हणजे आंबट कालवण. जावयांनी एक चकती उचलून चाखली आणि ओरडले, "उप्पागे!"

अगदी उप्पागेच नव्हे, पण तिची सख्खी बहीण. आपलं कोकम, मलनाडातलं उप्पागे आणि ही चकती, तिन्ही एकाच कुळातली झाडं. थाईत तिला 'सोम खेक' म्हणतात आणि 'खेक' हा शब्द ते आपल्यासारख्या पश्चिमेकडून आलेल्यांसाठी वापरतात. म्हणजे पाहुण्यांचं आंबट! त्या दिवशी मी दोनदा भात घेतला. कापीचा वास त्यानंतर मला आला नाही, असं मात्र म्हणणार नाही.

शेवटचे दोन दिवस उत्तरेला, म्यानमारच्या हद्दीजवळ सुरिन बेटांवर गेलो. तिथं मोकेन लोक राहतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं घर म्हणजे 'काबांग' ही होडी. कोरडे महिने सगळं कुटुंब तिच्यावर. पावसाळ्यात किनाऱ्यावर झोपडी. ओहोटीला शिंपले गोळा करायचे, समुद्रकाकड्या वाळवून त्यांच्या बदल्यात तांदूळ घ्यायचा. 26 डिसेंबर 2004 रोजी समुद्र अचानक मागे हटला, तेव्हा आजोबा-पणजोबांनी सांगितलेली 'लाबून' लाट यांनाच ओळखू आली. ते उंचावर पळाले. वस्ती वाहून गेली, पण जवळजवळ सगळी माणसं वाचली. 2019 मध्ये त्यांची वस्ती आगीत जळाली, ती पुन्हा उभी केली.

आता मात्र काबांगवर राहणारं इथं कुणी दिसत नाही. 1981 पासून ही बेटं राष्ट्रीय उद्यान आहेत. तिथं मोठं झाड तोडता येत नाही आणि झाडाशिवाय काबांग होत नाही. जंगल राखायला हवं हे मलाही पटतं. पण आमच्यासारख्यांना पैसे देऊन जे आठ दिवस मिळाले, ते ज्यांचं आयुष्य होतं त्यांना मिळू नये, हे काही केल्या पटेना. समुद्रात सरहद्द आखली गेली तेव्हा हे दोन्हीकडे होते. सुनामीनंतर काहींना थाई नागरिकत्व मिळालं, काहींच्या हाती अजून पुरते कागद नाहीत. मुलं घरात एक भाषा बोलतात, शाळेत दुसरी. हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

वस्तीत एक म्हातारी लाकडी काबांग विकायला बसली होती. वीतभर लांबीच्या. नातवासाठी मी एक घेतली. तिनं लांब उभ्या असलेल्या आमच्या होडीकडे बोट केलं आणि काही विचारलं. अक्कानं एका पोराकडून ते थाईत समजून घेतलं, लेकीला मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि लेकीनं मला मराठीत.

"ती विचारतेय, पावसात कुठं राहता?"

"घरी," मी म्हटलं.

ते उलट्या वाटेनं तिच्यापर्यंत पोचलं. म्हातारी समाधानानं हसली. "आम्हीपण तसंच करायचो," म्हणाली, आणि सुटे पैसे मोजायला लागली.