दुसऱ्या खेपेच्या मातेचे मन

पहिलटकरणीचे कोडकौतुक करण्यात मराठी घर सहसा हात आखडता घेत नाही. तिचे डोहाळे पुरविले जातात, ओटी भरली जाते, दिवस भरत आले की तिला माहेरी नेले जाते. तीच स्त्री दुसऱ्यांदा गरोदर राहिली म्हणजे मात्र 'आता तिला सारे ठाऊक आहे' असे गृहीत धरून घर आपल्या कामाला लागते. शासनाच्या योजनाही कळत नकळत याच गृहीतावर बेतलेल्या दिसतात. शरीराला एका बाळंतपणाचा अनुभव असतो हे खरे. पण त्यामुळे मनावरील भार हलका होतो असे मानण्यास आधार नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील शेतमजूर स्त्रीचे उदाहरण घ्यावे. पेरणीनंतर निंदण आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, असे तिचे वर्ष बांधलेले असते. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. गरोदरपणात हात मंदावले की मिळकत तेवढीच घटते. पहिल्या वेळी निदान माहेरची विश्रांती असते. दुसऱ्या वेळी कडेवर थोरले मूल असते. त्याचे अंगावरचे दूध तोडल्याची रुखरुख, दोन लेकरांचे कसे निभावेल ही धास्ती, उडालेली झोप आणि कारणावाचून येणारे रडू, हे सारे ती कोणाला सांगत नाही. सांगितलेच, तर 'सगळ्याच बायका यातून जातात' हे उत्तर ठरलेले असते.

या भारात मुलाच्या अपेक्षेची भर पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. याचा अर्थ असा की, बहुतेक कुटुंबांत दुसरे अपत्य हेच शेवटचे. पहिली मुलगी असेल तर घराची सारी अपेक्षा या एकाच गरोदरपणावर येऊन ठेपते. लहान कुटुंबाचा पुरस्कार यशस्वी झाला याचे समाधान आहेच. पण त्याची जी मानसिक किंमत दुसऱ्या खेपेची माता मोजते, ती कोणत्याही हिशेबात धरली गेलेली नाही.

अनुदान आणि अट

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ साली गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांच्या मातृत्वलाभाचा हक्क दिला. २०१७ साली आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता आणि ५,००० रुपयांवर आणून ठेवला. पुढे २०२२ पासून दुसऱ्या अपत्यासाठी ६,००० रुपये देण्याचे ठरले, पण ते अपत्य मुलगी असेल तरच आणि तेही जन्मानंतर एकरकमी. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु ज्या नऊ महिन्यांत विश्रांती व सकस आहार हवा, त्या काळात दुसऱ्या खेपेच्या स्त्रीच्या हाती या योजनेतून काहीही पडत नाही आणि पुढे पडेल की नाही, हेही पोटातील जीवाच्या लिंगावर अवलंबून राहते. तिच्या चिंतेचे जे मूळ, तीच अनुदानाची अट होऊन बसली आहे.

याउलट, १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन्ही अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. तेथे पहिल्या व दुसऱ्या खेपेत भेद नाही. हा न्याय नोकरदार स्त्रीपुरता राहिला; कापसाच्या शेतापर्यंत तो पोहोचलेला नाही.

आधीच विचारण्याची गरज

आरोग्ययंत्रणेचा भर स्वाभाविकपणे शरीरावर आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते. वजन, रक्तदाब, रक्तातील लोह पाहिले जाते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असताना ते आवश्यकच आहे. पण विकसनशील देशांत सुमारे १६ टक्के गरोदर स्त्रियांना आणि २० टक्के बाळंतिणींना मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, ग्रासते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्यातील मातांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळले आणि त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांची मानसिक अस्वस्थता गरोदरपणीच दिसून आली होती. उपाय बाळंतपणाची वाट पाहत थांबता कामा नये, असा याचा अर्थ आहे.

पहिल्या बाळंतपणानंतर नैराश्य आले असेल तर पुढच्या वेळी ते उलटण्याचा धोका अधिक असतो. म्हणजे दुसऱ्या खेपेला या आजाराचा अंदाज आधीच बांधता येतो. पहिल्या वेळी ती कशी होती, हे गावातील आशा सेविकेने पाहिलेले असते.

यवतमाळला यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशा सेविकांनी घरोघर जाऊन खचलेली माणसे हेरावी आणि त्यांना उपचारांपर्यंत पोहोचवावे, अशी ती योजना. त्याच उंबरठ्यावर घरातील गरोदर सुनेलाही विचारता येईल. यासाठी १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली जगभर वापरली जाते. मात्र सासू शेजारी बसलेली असताना खरे उत्तर मिळणार नाही, आणि स्वतःला इजा करण्याविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला होकार आला, तर त्याच दिवशी मदत मिळाली पाहिजे.

प्रत्येक गावाला मानसोपचारतज्ज्ञ कोठून आणावयाचा, हा आक्षेप रास्त आहे. पाकिस्तानातील ग्रामीण भागात आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी केलेल्या संवादाचा परिणाम २००८ साली प्रसिद्ध झाला. असा आधार मिळालेल्या मातांत सहा महिन्यांनी नैराश्य २३ टक्के उरले, न मिळालेल्यांत ते ५३ टक्के होते. पुढे गोव्यातही स्थानिक स्त्रियांनी 'सखी' या नात्याने हे काम केले. गंभीर रुग्णांसाठी तज्ज्ञ लागतील. बाकीच्या अनेकींना शिकविलेली, विश्वासाची बाईही आधार देऊ शकते.

मात्र कामागणिक मोबदला मिळणाऱ्या आशा सेविकेवर आणखी एक नोंदवही विनामूल्य लादणे अन्यायाचे होईल. या कामाचे प्रशिक्षण आणि त्याचा स्वतंत्र मोबदला ठरलाच पाहिजे. तसेच दुसऱ्या खेपेच्या अनुदानातील लिंगाची अट काढून त्याचा पहिला हप्ता गरोदरपणीच द्यावयास हवा. दोन्हींचा खर्च राज्याला न पेलणारा नाही. आई खचली की तिच्याबरोबर दोन मुलांचे पोषण आणि संगोपन ढासळते; तो तोटा मात्र पुढील पिढीला सोसावा लागतो.