खोगिराची घाई

सुटीच्या दिवशी विठ्ठलवाडी स्थानकावर कर्जतची गाडी पकडणाऱ्या अनेक कुटुंबांना नेरळमार्गे माथेरान गाठायचे असते. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी या डोंगराचे महत्त्व ओळखले. तेथे खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. पुढची वाट लाल मातीची, आणि मुलांचा हट्ट घोड्याचा.

तो घोडा कसा घडतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. नेमके शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून प्रथम दोरीने चालवणे, मग रिकामे खोगीर, मग हलका व जाणता स्वार, आणि शेवटी जुन्या घोड्यामागून वळणांची, माकडांची, गर्दीची ओळख, हाच क्रम योग्य. त्याच्या पाठीचा कणा पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पक्का होत असतो, हेही विसरता कामा नये.

या धीराचे दाम कोणी देत नाही. शिकाऊ घोडा खातो, कमावत नाही. मग अर्धवट शिकलेल्या जनावरावर परक्याचे मूल बसवण्याचा मोह होतो. चाबकाने घोडा पळतो, शिकत नाही. तेव्हा प्रवासी वाहण्यास परवानगी देताना घोड्याच्या प्रकृतीबरोबर सरावाचीही परीक्षा व्हावी, आणि शिकवणीच्या काळात मालकाला चाऱ्यासाठी साहाय्य मिळावे. प्रवाशांनीही दौडीचा आग्रह सोडावा. वर्गातल्या बुजऱ्या मुलाला सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको.