गाळणीचा श्वास

वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक वाढते आणि अकोला-अमरावतीकडील जिनिंग कारखान्यांत रुईबरोबर धूळही उडू लागते. पंखे ती हवा ओढून घेतात, फिल्टर धूळ अडवतो. पण अडवता अडवता तो स्वतःच तुंबतो. पंखा मात्र फिरतच असतो, म्हणून ते कुणाच्या ध्यानी येत नाही.

उपाय अल्पखर्चाचा आहे. यू आकाराच्या, पाणी भरलेल्या काचनळीचे एक टोक फिल्टरच्या अलीकडे व दुसरे पलीकडे जोडावे. फिल्टर तुंबत जाईल तसा नळीच्या दोन बाजूंच्या पातळीतील फरक वाढतो. नवा फिल्टर बसविला त्या दिवशीचा फरक टिपून ठेवावा, हंगामात तो रोज पाहावा आणि उत्पादकाने सांगितलेली मर्यादा गाठताच फिल्टर बदलावा. फरक एकाएकी घटला तरी समाधान मानू नये. फिल्टर फाटला असेल किंवा पंख्याचा पट्टा सैल झाला असेल.

कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा विकार जडू शकतो. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, हे त्याचे लक्षण. ज्या पेढीवर रोजमेळ एक दिवसही चुकत नाही, तिथे या नोंदीची एक ओळ जड नसावी. तिच्यावर कामगारांचा श्वास अवलंबून आहे.