गीझरची ठिबक

गेल्या जानेवारीत इंग्लंडहून आमच्या भाचीचा फोन आला. बाहेर बर्फ, घरात दीड वर्षाचे मूल आणि बॉयलर बंद. "मामा, आतून गुळगुळ आवाज येतोय. बटण दाबलं की सुरू होतो आणि दोन मिनिटांत पुन्हा लाल दिवा. माणूस परवा येणार म्हणतात. काय करू?" आम्ही त्या वेळी रास अल खोरच्या औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपच्या दाराशी खुर्ची टाकून कोवळ्या उन्हात चहा घेत होतो. इंग्लंडातल्या बॉयलरचे आम्हांस काय कळणार? पण मामा म्हटले की भाचीला उत्तर द्यावेच लागते.

आम्ही विचारले, "त्या पेटीतून एखादी पांढरी प्लास्टिकची नळी भिंतीबाहेर जाते का?" जात होती. बाहेर दोन हात उघडीच होती. मग ती गोठली असणार, असा आम्ही तर्क केला. "कोमट पाणी ओत, उकळते नव्हे. हळूहळू ओत, आणि मग रीसेटचे बटण एकदाच दाब. नाही चालला तर पुन्हापुन्हा दाबीत बसू नकोस. वरचे झाकण तर मुळीच उघडू नकोस." अर्ध्या तासाने घर तापू लागल्याचा निरोप आला आणि आमचा भाव घरात एकदम वधारला.

ह्यात विद्वत्ता काही नव्हती. तिकडे २००५ सालापासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर बहुधा 'कंडेन्सिंग' जातीचाच बसवावा लागतो. गॅस जळला की धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. जुने बॉयलर ती वाफ धुराड्यातून आकाशाला दान करीत. नवा बॉयलर तिला थंड करून तिचे पाणी करतो आणि तिच्यातली उष्णता काढून घेतो. शाळेत 'अप्रकट उष्मा' म्हणून आपण जे घोकले, एक ग्रॅम वाफेमागे ५४० कॅलरी, तेच हे. हे पाणी थोडे आम्लधर्मी असते, ते एका सापळ्यातून आणि नळीतून बाहेर पडते. नळी तुंबली वा गोठली की पाणी आत साचते आणि यंत्र आपणहून बंद होते. म्हणजे तो बिघाड नव्हे, शहाणपण होते. आणखी एक गोष्ट आम्ही भाचीस सांगितली. खोल्यांतून फिरून परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच वाफेचे पाणी होते. लोक कौतुकाने काटा ८० वर ठेवतात आणि मग बिलाच्या नावाने बोटे मोडतात. गॅसच्या भागाला मात्र हात लावायचा नाही. तिथे 'गॅस सेफ रजिस्टर' मध्ये नाव असलेल्या माणसालाच ते काम करता येते, आणि हा नियम आम्हांस फार आवडतो.

आपण दुबईकर तर ह्या वाफेवरच जगतो. जबेल अलीला समुद्राचे पाणी तापवून, वाफ थंड करून गोडे पाणी करण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. आणि प्रत्येक खिडकीखाली एसीच्या नळीतून टपटपते ते हवेतल्या वाफेचेच पाणी. असो.

फोन ठेवल्यावर आमच्या मनात आले, साता समुद्रापलीकडच्या बॉयलरची वैद्यकी आपण केली, पण आपल्या न्हाणीघराच्या छताखाली ५० लिटरचा गीझर टांगलेला आहे, त्याच्याकडे शेवटचे कधी पाहिले? उत्तर लाज वाटण्याजोगे होते. स्टूल घेतले, टॉर्च घेतला आणि वर पाहिले. जे दिसले त्यासाठीच हा लेख.

गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी पितळेचा लहानसा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पोटातून एक नळी खाली निघते. आमच्या त्या व्हॉल्व्हच्या तोंडात कोणी कारागिराने टेप गुंडाळून पक्के बूच मारून ठेवले होते! आठवले, दोन वर्षांपूर्वी आम्हीच तक्रार केली होती की गीझर ठिबकतो. माणूस आला, दहा मिनिटांत ठिबक बंद झाली, आम्ही वर चहा पाजला. तो दोषी खरा, पण त्याला शाबासकी देणारे आम्ही होतो.

ही ठिबक मुळात रोग नव्हे. पाणी तापले की फुगते. २० अंशांचे ५० लिटर पाणी ६० अंशांवर नेले की ते सुमारे पाऊण लिटर वाढते. मागे जाण्याची वाट त्याच व्हॉल्व्हमधल्या झडपेने बंद केलेली असते, कारण गरम पाणी थंड नळात येऊ नये. मग ते पाऊण लिटर जाणार कुठे? व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर. गीझर तापत असताना थोडे ठिबकणे म्हणजे तो श्वास घेतो आहे असे समजावे. गीझर बंद असतानाही सारखी धार लागली असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो, नाहीतर नळाचा दाब जास्त असतो. तेव्हा व्हॉल्व्ह बदलावा. त्याला बूच मारणे हा उपाय कधीच नव्हे. बूच मारल्यावर एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला आणि त्याच्या मागचा कटआउटही फसला, तर पाणी शंभर अंशांच्या पलीकडे तापत राहते. त्या टाकीखाली आपली मुले अंघोळ करतात.

आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. मधोमध धुराडे, भोवती पाणी, खाली जाळीत गोवऱ्या. आजी दर रविवारी राख काढी, चिंचेने तो घाशी आणि 'ह्याचं झाकण घट्ट बसवायचं नाही' असे दटावून सांगे. तिला बारचा हिशेब ठाऊक नव्हता, पण वाफेला वाट हवी हे ठाऊक होते. आमच्याकडे वाट आहे, ती आम्ही पैसे देऊन बुजवून घेतो.

गल्फमधला दुसरा प्रकार उन्हाळ्यातला. मे ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाकीतले पाणी थंड नळाला कढत येते. म्हणून आपण हुशारीने गीझर बंद करतो आणि लाल खुणेचा नळ सोडून त्यातले निवलेले पाणी वापरतो. युक्ती नामी आहे, आम्हीही करतो. परंतु तीस-चाळीस अंशांचे पाणी टाकीत महिनोन्महिने राहिले तर 'लिजिओनेला' नावाच्या जंतूला ते माहेर होते. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात जातो आणि म्हाताऱ्यांना व दमेकऱ्यांना न्यूमोनिया होऊ शकतो. पाणी रोज खेळते राहिले तर धोका कमी. हिवाळ्यापूर्वी गीझर पुन्हा लावताना टाकी एकदा रिकामी करून धुवावी, काटा ६० वर नेऊन ताससव्वातास तसाच राहू द्यावा आणि मगच अंघोळीला बसावे. वर्षा-दोन वर्षांनी आतली मॅग्नेशियमची कांडीही पाहावी. ती झिजते म्हणून टाकी गंजत नाही. ती संपली की टाकीची पाळी येते.

आता खरा मुद्दा, पैशाचा. दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या भाडेकायद्यात, करारात वेगळे ठरले नसेल तर देखभाल-दुरुस्ती मालकाकडे, असे स्पष्ट आहे. पण 'वेगळे' बहुधा ठरलेले असतेच. पुष्कळ करारांत ठरावीक रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूच्या गळ्यात असते. सेफ्टी व्हॉल्व्ह नेमका त्या किरकोळीत बसतो. म्हणून मालक लक्ष घालीत नाही आणि भाडेकरू सर्वांत स्वस्त माणूस बोलावतो. आमचे मत असे की गीझर, त्याची वायर आणि अर्थिंग ह्यांना किरकोळ म्हणूच नये. करारावर सही करताना एवढी एक ओळ घालून मागावी की वर्षातून एकदा गीझरची तपासणी मालकाच्या खर्चाने होईल. मागितल्यावर पुष्कळदा मिळते. आपण मागतच नाही.

ज्यांच्या हाती करारच नसतो त्यांचे काय? रास अल खोरच्या बाजूला आमच्या ओळखीची काही कोकणातली मुले एका खोलीत राहतात. तिथे आम्ही गेलो असता पाहिले, न्हाणीघराच्या दाराशी रबरी चपलांचा एकच जोड. विचारले तर म्हणाले, "काका, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून चप्पल घालून अंघोळ करतो." हसत हसत सांगत होते. गीझरची कॉइल फुटली होती. गळतीचा ब्रेकर सारखा पडतो म्हणून कोणीतरी तार थेट जोडली होती. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की तो ब्रेकर पडतो, तो माणसाचे हृदय थांबू नये म्हणून. रोज पहाटे त्या एका चपलेवर त्या साऱ्यांचे प्राण टांगलेले होते.

आम्ही वरकामाच्या माणसाला फोन केला. 'उद्या बघतो' असे उत्तर आले. मग मुलांना सांगितले की गीझरचा स्विच काढा आणि आजपासून बादलीत थंड पाणी घ्या. फेब्रुवारीचे दिवस, त्यांनी तोंडे वाकडी केली. पण दुसऱ्या दिवशी नव्हे, चौथ्या दिवशी नवी कॉइल बसली आणि ब्रेकरही जागेवर आला. ब्रेकरवर चाचणीचे लहानसे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबायचे, हे काम त्यांच्यातल्या सर्वांत धाकट्याकडे दिले आहे.

आमच्या घरचे बूच त्याच आठवड्यात निघाले. नव्या व्हॉल्व्हची नळी मोरीपर्यंत आणली आहे. सकाळी गीझर लावला की टप टप सुरू होते. सौभाग्यवती म्हणतात, "पुन्हा गळायला लागला की हो!"