‘गिनिपिग’ कोणाला म्हणता?



कर्करोगाच्या नव्या औषधांच्या चाचण्यांवर आलेली वाचकपत्रे वाचली. सगळ्यांचा सूर एकच: गरिबांना ‘गिनिपिग’ करू नका. लिहिणाऱ्यांच्या घरात ‘सीएमएल’ या रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण नसावा. आमच्या घरात आहे. माझा धाकटा भाऊ रात्री भाकरी खाल्ली की तांब्याभर पाण्यासोबत ४०० मिलिग्रॅमची इमॅटिनिब घेतो आणि पहाटे उठून दारं धरायला जातो.

ही गोळी आभाळातून पडली नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी ती रुग्णांना द्यायला सुरुवात केली. इंटरफेरॉन या आधीच्या औषधाने गुण न आलेल्या आणि पुरेसा डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशी ताळ्यावर आल्या. ५४ पैकी ५३! त्यांना गिनिपिग म्हणायचे, तर माझा भाऊ गिनिपिगांच्याच पुण्याईवर जगतोय.

न विचारता कोणावर औषध वापरले तर खुशाल खटला भरा. औषध-चाचण्यांचे २०१९ चे नियम आहेत, नुकसानभरपाईही त्यांत आहे. आमचे दुखणे वेगळे आहे. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून आमच्या शेजारच्या भूम-परांड्याची गावे पालथी घालते. म्हणजे मोजायला आम्ही चालतो. पण भावाला उद्या ही गोळी लागू पडेनाशी झाली, तर पुढच्या औषधाची चाचणी कुठे चालू आहे हे वाशीत कोण सांगणार? चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची, संकेतस्थळ सर्वांना खुले, आणि माहिती सगळी इंग्रजीत! संमतीपत्र मराठीत मिळेल हो, पण तिथवर पोचायचे कसे?

आणि किमतीवरही कोणीतरी लिहा. याच गोळीचा मूळ ब्रँड महिन्याला लाखाच्या वर होता, देशी गोळी तेव्हा आठ-दहा हजारांत मिळायची. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ ब्रँडच्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला म्हणून ती बाजारात टिकली. त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटायला हवे होते. निकाल कशाचा, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मराठीत एक फलक लावा: कोणत्या आजाराच्या चाचणीत सध्या रुग्ण घेतात, फोन कोणाला करायचा. रंगाचे पैसे आम्ही वर्गणी काढून देतो.

— एक निवृत्त शिक्षक, वाशी (जि. धाराशिव)