शस्त्रक्रियेनंतरची उपेक्षा

पालीच्या देवाने आपल्या भक्ताचे नाव धारण केले आणि तो भक्त एक बालक होता, अशी परंपरा सांगते. बालकाला एवढा मान देणाऱ्या समाजातच शौचाची वाट नसलेले मूल जन्माला आले की कुजबुज सुरू होते. कोणी ग्रहणाला बोल लावतो, कोणी आईला. पाच हजार जन्मांमागे साधारण एका बालकात हे व्यंग आढळते. त्याचे नेमके कारण बहुधा सांगता येत नाही. परंतु तो मातेचा अपराध नव्हे, हे निश्चित.

वैद्यकाने आपले काम केले आहे. स्नायू नजरेसमोर ठेवून आतडे योग्य जागी बसवण्याची पद्धत पेन्या व डी व्ह्रीज यांनी १९८२ साली जगापुढे मांडली. सौम्य प्रकारात एका शस्त्रक्रियेने भागते. गंभीर प्रकारात आधी पोटावर शौचाचा तात्पुरता मार्ग, मग दुरुस्ती आणि शेवटी तो मार्ग बंद करणे, असे तीन टप्पे असतात. परळचे वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून उभे आहे. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत रायगड होता.

मग उणीव कोठे आहे? हे व्यंग ओळखण्यास यंत्र लागत नाही. जन्मताच बाळाला नीट न्याहाळणे पुरते. तरीही २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने आरंभी निवडलेल्या नऊ जन्मजात व्यंगांत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे. हे व्यंग नाही. जे दिसते त्याची नोंद होते, जे झाकले जाते ते यादीबाहेर राहते.

याहून मोठी उपेक्षा शस्त्रक्रियेनंतर होते. नवे द्वार आकसू नये म्हणून ते कित्येक महिने नियमाने रुंद करावे लागते. पुढेही काही मुलांना बद्धकोष्ठ जडते, काहींचे कपडे नकळत खराब होतात. सुधागडच्या वाडीवरील मजूर आईबापांनी रोजगार बुडवून मुंबईच्या खेपा किती घालाव्यात? पाठपुराव्याची सोय तालुक्याच्या ठिकाणीच हवी आणि प्रवासखर्चही योजनेत धरला पाहिजे.

उरलेला भार शाळेने उचलावा. न विचारता वर्गाबाहेर जाण्याची मुभा, पाणी असलेले शौचालय आणि चेष्टा करणाऱ्यांना वेळीच आवर, एवढे शिक्षकांच्या हाती आहे. शल्यचिकित्सकाने शरीर दुरुस्त केले आणि वर्गातील हशाने मूल शाळा सोडून गेले, तर तो पराभव वैद्यकाचा नसेल, आपला असेल.