लाल गाडी गुलाबी झाली असेल तर

माझ्या माहेरी, बडोद्याला, १९९७ सालची मारुती ८०० आहे. आरसी बुकात रंग लाल लिहिलाय. पण गेल्या वर्षी मार्चमध्ये मी गेले तेव्हा दारं तेवढी लाल होती. बॉनेट आणि टप चक्क गुलाबी, तेही खडू फासल्यासारखे. बॉनेटवर हात टेकून उचलला तर तळव्याला गुलाबी पावडर! बाबा म्हणाले, ‘‘पेंटरला दाखवली गं. तो जेवढे मागतोय तेवढ्यात दुसरी जुनी गाडी येईल. देऊन टाकतो आता भंगारात.’’

याच गाडीवर मी क्लच सोडायला शिकले. त्यामुळे भंगार हा शब्द जरा लागला. मग दोन रविवार खर्च करून आम्ही ती घरीच चमकवली. त्यात मी एक चूक केली, ती आता दुरुस्त होणारी नाही. तीही सांगणार आहे, कारण तुमच्या दारात अशी एखादी जुनी गाडी किंवा स्कूटर असेल तर फडकं हातात घेण्याआधी ती ऐकलेली बरी.

आधी हे समजून घ्या की रंग फिका का पडतो. गाडीचा रंग म्हणजे रंगाचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं रेझिन तुटत जातं, कण सुटे होतात आणि वर भुकटीसारखा थर बसतो. म्हणूनच सगळं ऊन झेलणारे टप आणि बॉनेट आधी जातात, उभी दारं टिकतात. लाल रंग या बाबतीत सगळ्यात नाजूक. पण त्या भुकटीखाली बऱ्याचदा चांगला रंग शिल्लक असतो. पॉलिश करताना आपण नवा रंग आणत नाही, वरचा मेलेला थर काढून खालचा उघडा करतो.

आणि हा थर फार पातळ असतो. कंपनीतून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग, सगळं धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांच्या जाडीएवढं. प्रत्येक वेळी घासणं म्हणजे मुदत ठेवीतून थोडे पैसे काढणं. काढता येतात, परत भरता येत नाहीत.

म्हणून पहिल्या दिवशी काही घासूच नका, नुसती गाडी बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात चारी बाजूंनी फिरा. कुठे रंगाचे पोपडे सुटलेत का, पांढरट डाग असून त्यांना नकाशासारखी कड आहे का? तसं असेल तर वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो निघतोय. तिथे कितीही पॉलिश लावा, उपयोग नाही, उलट कड आणखी उचकटेल. तेवढा भाग पेंटरचाच. रंगाखाली फुगे दिसत असतील तर तो गंज आहे. तोही पॉलिशने जात नाही.

तुमच्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही, हे कळायला सोपा उपाय आहे. डिकीच्या खालच्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हलकं घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर वेगळा थर नाही, तुम्ही थेट रंगच घासताय. जुन्या काळच्या बऱ्याच साध्या रंगांचं, लाल-पांढऱ्यांचं, असंच असतं. आमचं फडकं लालभडक झालं आणि बाबा घाबरले, पण अशा रंगात ते व्हायचंच. मेटॅलिक रंगांवर मात्र सहसा क्लिअर कोट असतो. तिथे फडक्यावर रंग दिसला तर क्लिअर कोट संपलाय. लगेच थांबा.

आता धुणं. इथे मला सगळ्यांशी थोडं भांडायचंय. रोज सकाळी सोसायटीत एका बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात ना, गाडीवरचे गोल गोल ओरखडे बऱ्याच अंशी त्यातून येतात. पाण्यात बसलेली वाळू फडक्याला लागते आणि आपण ती प्रेमाने बॉनेटवर फिरवतो. कोरड्या झटकणीने धूळ उडवणंही तसंच. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच नीट धुवा. दोन बादल्या घ्या, एकीत कारचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं गाडीवरून आलं की आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग शॅम्पूत बुडवायचं. आधी वरून पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्या. टपापासून सुरू करून खाली या, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. बोअरचं पाणी असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नका. पाण्यातल्या क्षारांचे ठिपके बसतात. मायक्रोफायबरच्या कापडाने लगेच टिपून घ्या.

धुतल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवा. नुसत्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. ती रंगात रुतलेली धूळ, झाडाचा चीक, लोखंडाचे कण यांची असते. त्यासाठी क्ले बार नावाची चिकणमातीसारखी वडी मिळते. शॅम्पूचं पाणी भरपूर मारून ती हलक्या हाताने सरकवायची, मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या. तिला लागलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर रेघा काढेल.

मग मुख्य काम. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा. तापल्या पत्र्यावर पॉलिश वाळून बसतं. रबरी पट्ट्या, काळं प्लास्टिक आणि पत्र्याच्या सगळ्या कडा मास्किंग टेपने झाका. प्लास्टिकवर पॉलिशचे पांढरे डाग पडले की ते निघता निघत नाहीत, आणि कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो. दुकानात दोन बाटल्या दिसतील, जाडसर कणांचं रबिंग कंपाउंड आणि बारीक कणांचं पॉलिश. पत्रा कितीही वाईट दिसत असला तरी सुरुवात बारकापासून करा. त्याने भागलं नाही तरच कंपाउंड, आणि त्यानंतर पुन्हा पॉलिश.

एका वेळी फूटभर चौकोन घ्या. फोमच्या पॅडवर रुपयाच्या नाण्याएवढं पॉलिश, मध्यम दाब, आधी आडवे हात, मग उभे. मिनिट-दोन मिनिटांनी स्वच्छ कापडाने पुसा आणि बघा. आम्ही बॉनेटच्या मधोमध टेप लावून आधी डावी बाजूच केली. टेप काढली तेव्हा एक अर्धं गुलाबी आणि एक अर्धं लाल. बाबा काही बोलले नाहीत, आत जाऊन आईला बोलावून घेऊन आले. जुन्या रंगात कापड पटापट भरतं, त्यामुळे आठ-दहा कापडं तयार ठेवा. भरलेल्या कापडाने पुसलं तर काढलेली भुकटीच परत घासली जाते.

आता माझी चूक. दुसऱ्या रविवारपर्यंत खांदे भरून आले होते. मामेभावाने ड्रिल मशीनला लावायचं गोल पॅड आणलं. हाताने तासभर लागणारं काम पाच मिनिटांत, म्हणून मी खूश. आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला, जिथे पत्रा वळतो, तिथे टेप सुटलेली माझ्या लक्षात आली नाही. गुलाबी, मग सुंदर लाल, मग एकदम करडा. तो करडा म्हणजे प्रायमर. दहा सेकंदही लागले नसतील. वितभर लांबीची ती रेघ आजही आहे. बाबांनी टचअपचा लाल रंग लावून ती झाकली, कारण उघडा प्रायमर पाणी धरतो आणि खाली गंज धरू शकतो. पण लाल रंग जुळला नाहीच. हौशी हाताला ड्रिल नको, एवढं मी आता ठामपणे सांगते. हात दुखतात, पण हाताने रंग फाटायला खूप वेळ लागतो आणि तेवढ्यात डोळ्यांना कळतं.

टूथपेस्टचं काय, असं मला हमखास विचारतात. ती बारीक घासते हे खरं, पण दातांसाठी बनवलेली वस्तू अख्ख्या टपावर कशाला? खोबरेल तेल किंवा डिझेलचा हात मारला की गाडी संध्याकाळपर्यंत झकास दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुप्पट धूळ चिकटलेली असते. ते निव्वळ ओलं दिसणं आहे.

पॉलिशनंतर त्याच दिवशी वॅक्स लावा, हा टप्पा गाळू नका. नुकताच उघडा झालेला रंग तसाच उन्हात ठेवला तर पुन्हा पावडर धरायला वेळ लागत नाही. अगदी पातळ थर, थोडा वाळला की कापडाने उजळायचा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं. स्कूटर, बाइक असेल तर एक काळजी घ्या. वॅक्स किंवा पॉलिश ब्रेकच्या डिस्कला, टायरला आणि सीटला लागता कामा नये. ब्रेक आणि टायर घसरतील, सीटवरून तुम्ही. टाकीवरच्या स्टिकरच्या कडाही टेपखाली जाऊ द्या.

पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढा. खरवडू नका, ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवा आणि उचलून घ्या. कव्हर घालत असाल तर धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या गाडीवरच. धुळकट गाडीवर कव्हर वाऱ्याने हलत राहिलं की ते सँडपेपरचं काम करतं.

बाबांनी रोजच्या पुसणाऱ्याला आता गाडीला हात न लावायला सांगितलंय, पगार मात्र चालू ठेवलाय. तो आमच्या पायऱ्या पुसतो. गाडी रविवारी बाबा स्वतः धुतात, आणि मी फोन केला की आधी वॅक्सची तारीख सांगतात.